पाच पिनांचा प्लग

प्रश्न : वडिलांच्या जुन्या जर्मन टेपरेकॉर्डरला मागे पाच पिनांचं गोल सॉकेट आहे. त्यातून आवाज नव्या ॲम्प्लिफायरला न्यायचाय. प्लगला वायर जोडताना प्लास्टिक वितळून पिना तिरक्या होतात.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : हा ‘डिन’ प्लग, म्हणजे जर्मन मानकाचा गोल प्लग. पिना तिरक्या होतात कारण सोल्डरिंगची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) फार वेळ टेकते. एक जुनं सॉकेट घ्या, प्लग त्यात खोचा आणि मगच सोल्डर करा. प्लास्टिक मऊ झालं तरी पिना जागच्या हलत नाहीत. २५ वॅटची इस्त्री पुरे. पिनेच्या खोबणीत आधी थोडं सोल्डर भरा, तारेच्या टोकालाही चढवा, मग दोन्ही टेकवून क्षणभर गरम करा. पत्र्याच्या कामाचं ॲसिड अजिबात नको, राळेचीच पेस्ट वापरा. आणि प्लगचं टोपण आधी वायरीत ओवा! दुकानात येणारे निम्मे लोक हेच विसरतात, मग सगळं उकलत बसतात.

पिनांचे आकडे ओळीने नसतात : १, ४, २, ५, ३ असा क्रम. प्लगवर बारीक कोरलेले असतात, भिंग लावा. टेपमधून बाहेर येणारा आवाज ३ (डावा) आणि ५ (उजवा) वर मिळतो. पांढरी वायर ३ ला, लाल ५ ला, दोन्हींची जाळी (वायरीतलं बारीक तारांचं वेष्टन) मधल्या २ ला. १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी, त्या मोकळ्या सोडा. जाळीचा एखादा केस शेजारच्या पिनेला टेकला तर एक बाजू मुकी होते, म्हणून टोपण लावण्याआधी पिना एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत ना, ते मल्टिमीटरने तपासा. प्लग महात्मा गांधी रोडवर विचारून बघा. पितळी पिनांचा घ्या.