दोन इंजिनांचे एक करताना

प्रश्न: गो-कार्टसाठी माझ्याकडे होंडाची दोन जुनी इंजिने आहेत. जीएक्स १६० चा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) खराब झाला आहे आणि जीएक्स २०० चा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, तडकला आहे. मोठ्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट लहान इंजिनात बसवला तर चालेल का? इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर काढून टाकल्यास वेग वाढेल काय?

उत्तर: क्रँकशाफ्ट ब्लॉकमध्ये बसला, एवढ्यावरून इंजिन चालेल असे समजू नये. दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटरच आहे. फरक आहे तो स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वर-खाली जितके अंतर जातो त्याचा. लहान इंजिनाचा स्ट्रोक ४५ आणि मोठ्याचा ५४ मिलिमीटर असल्याने त्यांचे आकारमान अनुक्रमे १६३ व १९६ सीसी भरते. जुना कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) आणि जुना पिस्टन तसेच ठेवून आपण केवळ क्रँकशाफ्ट बदललात, तर स्ट्रोकमधील फरकाच्या निम्म्याने, म्हणजे साडेचार मिलिमीटरने, पिस्टन पूर्वीपेक्षा वर येईल आणि पहिल्याच फेऱ्यात हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, आदळेल. म्हणून क्रँकशाफ्ट, रॉड आणि पिस्टन हे तिन्ही भाग मोठ्या इंजिनातूनच एकत्र घ्यावेत. पिस्टनला नव्या रिंगा घालाव्यात आणि सिलिंडरची झीज आधी मोजून पाहावी.

हेड बसवण्यापूर्वी इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. रॉडचे टोक कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) किंवा क्रँकशाफ्टवरील समतोलाचे वजन ब्लॉकच्या भिंतीला कोठे घासते का, हे त्या वेळीच कळते. कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टच्या दात्यांवरील खुणा समोरासमोर आल्या आहेत ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. या इंजिनात तेलाचा पंप नसतो. रॉडच्या टोपीला असलेला पळीसारखा भाग तेल उडवतो, त्यामुळे ती टोपी उलटी बसली तर इंजिन कोरडे पडते. मग हेड. लहान इंजिनाचे हेड त्याच्या पोकळीसह तसेच ठेवले, तर आकारमान वाढल्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ८.५ वरून जवळजवळ १० पर्यंत जाईल. इंजिन ठोके देऊ लागण्याची भीती त्यातच असते, म्हणून हेडही मोठ्याचेच घ्यावे. कार्बोरेटरबाबतही तेच, कारण त्यातील जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) त्या आकारमानासाठी नेमलेला असतो. जोडणीनंतर थंड इंजिनात इनटेक व्हॉल्व्हचे अंतर ०.१५ आणि एक्झॉस्टचे ०.२० मिलिमीटर ठेवावे.

क्लचच्या बाजूचे टोक मात्र बहुतेकजण विसरतात. शाफ्टची जाडी, लांबी आणि चावीचा खाचा आपल्या क्लचशी जुळतो का, हे जोडणीआधी मोजावे. इंजिन पुन्हा उघडण्याचा कंटाळा फार येतो.

गव्हर्नर काढण्याविषयी माझे उत्तर नकारार्थी आहे. वेग वाढेल, यात शंका नाही. हे इंजिन मिनिटाला सुमारे ३६०० फेऱ्यांसाठी बनवलेले आहे आणि क्रँकशाफ्टवरील मूळ ओतीव फ्लायव्हील (जड चाक) त्याहून फार पुढच्या वेगासाठी नाही. ते फुटले तर त्याचे तुकडे थेट चालकाच्या अंगावर येऊ शकतात. जोर हवा असेल तर मोठे आकारमान तो देईलच, आणि कार्ट उतारावर किंवा सरळ रस्त्यावर अधिक पळावे असे वाटत असेल, तर मागच्या चाकाचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) थोडे लहान लावून पाहावे.