प्राध्यापकाचा कुलगुरू कसा होतो?

‘वीस वर्षे शिकवतोय, अर्ज करू का?’ याचं उत्तर बहुधा नाही असंच येतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीत 10 वर्षांचा अनुभव मागितलाय, पण तो ‘प्रोफेसर’ पदावरचा. त्याखालच्या असिस्टंट आणि असोसिएट प्रोफेसर पदांवरची वर्षं त्यात धरत नाहीत. बरेच अर्ज इथेच गळतात. (नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतली 10 वर्षंही चालतात, नेतृत्वाच्या पुराव्यासह.)

महाराष्ट्रात शोध समिती नावं सुचवते, नेमणूक कुलपती म्हणून राज्यपाल करतात. मुदत 5 वर्षं किंवा वयाची 65, जे आधी येईल ते, फेरनेमणूक नाही. म्हणजे 62व्या वर्षी खुर्ची मिळाली तर हातात तीनच वर्षं. अधिष्ठाता (डीन) किंवा प्र-कुलगुरूपदाचा अनुभव त्याआधीच गाठीशी बांधा.