सणाच्या हस्तकलेत बाजूला कोण बसतं?

पावसाळा सरत आला की प्राथमिकच्या शिक्षिका माझ्याकडे एक काळजी हमखास घेऊन येतात. चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी, नाताळ लागोपाठ येणार, मग हस्तकलेच्या तासाला घ्यायचं काय? सणाचं घेतलं तर एखाद्या पालकाला ते लादल्यासारखं वाटतं, टाळलं तर मुलं हिरमुसतात. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका बाईंचा अनुभव त्यावर सांगण्यासारखा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाईंचा वर्ग तिसरीचा. दिवाळीआधी त्यांनी नरकासुराचे मुखवटे करायला घेतले. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे वाड्यावाड्यावर नरकासुर जाळतात आणि मुलं आधीपासूनच त्या नादात असतात, तेव्हा बाईंना दुसरं काही सुचलं नसतं. पण एका मुलाचे वडील शाळेत आले आणि शांतपणे म्हणाले, "टीचर, आमच्या घरी मुखवटे, मूर्ती करत नाहीत. हवं तर त्याला बाजूला बसवा." बाईंनी त्याला मागच्या बाकावर चित्र रंगवायला दिलं. सगळा वर्ग कागदाच्या लगद्यात कोपरापर्यंत बुडालेला आणि हा एकटा डोंगरामागचा सूर्य रंगवतोय! बाईंच्या जिवाला ते लागलं. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचं ठरून गेलं होतं की यापुढे सण बंद, फक्त निसर्गचित्रं.

मी विचारलं, "त्या दिवसांत आणखी कुणाचं काम अर्धवट राहिलं का?" थोडं आठवून त्या म्हणाल्या, एका मुलीनं आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या लावल्याच नाहीत. हिंदू घरातली मुलगी, एरवी हाताची चपळ. बाईंना तो कंटाळा वाटला होता. मी तिच्याशी सावकाश बोलले. उन्हाळ्यात तिचे आजोबा वारले होते आणि वर्षभर घरी सण करायचे नव्हते. "कंदील घरी नेला तर आजी रडेल," ती म्हणाली. आठ वर्षांच्या मुलीनं हे एकटीनं ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

कुठल्या धर्माची किती मुलं हे मोजून धडा आखला, तरी ही मुलगी त्या मोजणीत सापडत नाही. घोटीव कागद आणि टिकल्या विकत आणणं ज्या घराला परवडत नाही, तिथलं मूलही सापडत नाही. खळीचा चिकटपणा बोटांना सहनच होत नाही असंही एखादं मूल असतं. सगळ्यांना समान शिकता येतं ते हातातलं कौशल्य. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधायचा आणि त्यावर पातळ कागद ताणून चिकटवायचा, याच कामातून आकाशकंदीलही होतो आणि नाताळचा ताराही. म्हणून बाईंनी पुढच्या वर्षी "उजेडाचं घर" असा धडा घेतला. आकार मुलांनी ठरवायचा. सामान शाळेच्या सामायिक खोक्यातलं, खळ लावायला ज्याला हवा त्याला ब्रश. तयार झालेलं घरी न्यायचं की व्हरांड्यात टांगायचं, तेही ज्याचं त्यानं ठरवायचं. मागच्या वर्षी बाजूला बसलेल्या मुलानं होडी केली. त्याच्या वडिलांना आधीच विचारलं होतं आणि होडीला त्यांची हरकत नव्हती.

सण पुसून टाकायची गरज मात्र मला कधीच वाटली नाही. राज्यघटनेच्या 28व्या कलमाप्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सण काय असतो ते समजावून सांगणं ही निराळी गोष्ट, आणि गोव्यातल्या मुलाला ते कळलंच पाहिजे. 24 जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचं फेस्त, असतो; त्याची कोपेलं, म्हणजे पानाफुलांची कडी, डोक्यावर घालून विहिरीत उड्या पडतात, तेव्हा वर्गात तसंच कडं विणता येतं. चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगून सजवतात त्या माटोळीतले आंबाडे, सुपारी, नारळ समोर ठेवून चित्र काढता येतं. भाताची लोंबी तर फारच सोयीची : ती कोणसाच्या फेस्ताला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या नव्या पिकाच्या सणाला, चर्चमध्ये जाते आणि नव्याच्या पूजेला हिंदूंच्या देव्हाऱ्यातही. ईद चांद्र पंचांगामुळे दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते, त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच उतरवलं तर ती हमखास निसटते.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. "तुमच्यात काय करतात ते सांग बघू," असं भर वर्गात कुणा एका मुलाला विचारू नका. लहान मुलावर अख्ख्या समाजाचं ओझं येतं आणि कधी कधी त्याला उत्तर ठाऊकही नसतं. त्याऐवजी बाई आता पालकांना चिठ्ठी पाठवतात : "यंदा घरी कोणते दिवस साजरे करता? काही कारणानं कोणते करणार नाही? वर्गात मुलानं काय करू नये असं वाटतं?" ज्यांना लिहिता येत नाही त्यांना त्या शाळा सुटताना फाटकाशी गाठून विचारतात. ही विचारपूस शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच करा. सांजांव जूनमध्येच येतो, आणि दसऱ्यापर्यंत थांबलात तर तोवर कामट्या नि कागद आणून झालेले असतात.