साओ पाउलोला पहिल्यांदाच जाणाऱ्या शाकाहारी माणसाने काय तयारी करावी?

ब्राझीलमधल्या साओ पाउलोत पाच दिवसांचा मुक्काम, व्हिसा हातात आणि तुम्ही शाकाहारी, तर काय तयारी करावी असं तुम्ही विचारलंय. तर सगळ्यात आधी यलो फीव्हरच्या लशीचं बघा. ब्राझीलहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र आपल्याकडच्या विमानतळावर मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, पुढे ते जन्मभर चालतं. सरकारमान्य केंद्रावरच घ्या, आणि हे काम शेवटच्या आठवड्यावर अजिबात ढकलू नका.

तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. आंतरराष्ट्रीय विमानं मुख्यतः ग्वारुल्योसला उतरतात. काँगोन्यास शहराच्या आत आहे, तर विराकोपोस थेट कांपिनासला, शंभरएक किलोमीटर लांब. स्वस्त जोडविमानाच्या नादात लोक इथेच फसतात. परतीच्या दिवशी शुक्रवारची संध्याकाळ असेल आणि वर पाऊस पडला, तर ग्वारुल्योस गाठायला दोन तासही कमी पडतील.

शहर अवाढव्य आहे, त्यामुळे हॉटेल स्वस्त आहे का यापेक्षा मेट्रोपासून चालत किती मिनिटांवर आहे ते बघा. पाउलिस्ता अव्हेन्यूचा परिसर, विला मारियाना, पिन्येरोस, यातलं काहीही चालेल. मध्यवर्ती जुन्या भागात, लूझ स्टेशनच्या बाजूला खोल्या स्वस्त मिळतात, पण अंधार पडल्यावर तिथे पायी फिरणं टाळा. संध्याकाळी गर्दीच्या वेळी मेट्रोची लाल मार्गिका आणि से स्टेशनही टाळलेलं बरं.

चोरी बहुतेक मोबाइलची होते. सायकलवरून येतात आणि हातातला फोन ओढून नेतात. नकाशा बघायचा असेल तर दुकानात शिरा, टॅक्सीही आतूनच बोलवा आणि गाडी दारात आल्यावरच बाहेर पडा.

वीज इथे १२७ व्होल्टची. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांना अडचण नाही. आपली बारीक दोन पिनांची चार्जरं बहुधा तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांची बसत नाहीत, अडॅप्टर लागतो. घरची किटली मात्र नेऊ नका. २३० व्होल्टवर १५०० वॉट देणारी किटली तिथे जेमतेम ४५० वॉट देईल, चहाचं पाणी उकळता उकळत नाही.

आता जेवण. नुसतं 'सें कार्नी' (मांस नको) म्हणून भागत नाही, कारण बोलण्यात कार्नी म्हणजे बहुतेकदा गोमांस. मग ताटात चिकन किंवा हॅम येतं आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. 'सें कार्नी, सें फ्रांगु, सें पेइशी, सें प्रेझुंतु' (मांस, चिकन, मासे, हॅम काहीच नको) असं पूर्ण सांगा, किंवा पोर्तुगीजमध्ये लिहून फोनवर ठेवा. शेंगभाजीसारखा निरुपद्रवी दिसणारा घेवड्याचा रस्सासुद्धा पुष्कळदा बेकन घालून शिजवतात, तेव्हा 'तें बेकन?' (बेकन आहे का?) विचाराच. दुपारी 'पोर किलो', म्हणजे वजनावर पैसे घेणारी, जेवणघरं सर्वांत सोयीची: ताट स्वतः वाढून घ्यायचं, वजनकाट्यावर ठेवायचं, मिळालेली चिठ्ठी जपायची आणि निघताना पैसे द्यायचे. भात, भाज्या, सॅलड, फळं सगळं समोर दिसतं. पाँव जि केइजु हा चीजचा गोळा कसाव्याच्या (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच्या) पिठाचा असतो, सकाळी गरम खा. आठवडी बाजारात चीजचं पास्तेल (सारण भरून तळलेली पातळ पारी) आणि उसाचा रस मिळतो. पण तळणीची कढई मांसाच्या पास्तेलाशी सामायिक असते, कडक पाळत असाल तर सोडा.

दिवसांची मांडणी वारांवरून करा. रविवारी पाउलिस्ता रस्ता गाड्यांना बंद असतो, अख्खं शहर तिथे चालायला उतरतं. मास्प हे तिथलं संग्रहालय सोमवारी बंद, मंगळवारी मोफत. लिना बो बार्दी यांनी उभारलेली ही इमारत १९६८ची, खाली ७४ मीटर मोकळी जागा, मध्ये एकही खांब नाही. आत चित्रं काचेच्या चौकटींवर उभी असतात आणि माहिती चित्राच्या मागच्या बाजूला, तेव्हा मागून फिरून वाचा.

मुनिसिपल मार्केटमध्ये फळवाले एकामागून एक फोडी चाखायला देतात आणि बोलता बोलता पिशवी भरतात. किलोचा भाव आधी विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या. कार्ड लावण्यापूर्वी यंत्रावरचा आकडा वाचा. पडदा फुटलेला किंवा झाकलेला असेल तर कार्ड लावू नका. 'सेपेएफि?' असं विचारलं तर तो स्थानिकांचा करक्रमांक, 'नाँव' (नाही) म्हणायचं आणि पुढे चालायचं.