जर्मनीच्या अर्जातला धर्माचा रकाना

ताई म्हणून हाक मारलीस, म्हणून मीही तुला तूच म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं. जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झालीस, पूर्व जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातल्या एका रुग्णालयाचं नोकरीचं पत्र आलंय, घरचे खूश आहेत आणि तुझी झोप उडालीय. तिकडं देवाचं नावही कुणी घेत नाही, मग आपला विश्वास टिकणार का? सगळे पितात, आपण नको म्हटलं तर एकटं पडणार का? आणि चर्चच्या नावानं पगारातून पैसे कापतात, तर अर्जात 'धर्म नाही' असं लिहिलं तर चालेल का?

मी कोल्हापूरची, मिरजेला नर्सिंग केलं, इकडं सॅक्सनीतच लायप्झिगला येऊन सात वर्षं झाली. तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याची वेळ तुझ्यावर सगळ्यात आधी येणार आहे.

घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तिथं 'एव्हांगेलिश' म्हणजे प्रॉटेस्टंट, किंवा कॅथलिक असं लिहिलं की ती नोंद कर खात्याकडे जाते आणि पगाराच्या चिठ्ठीवर किर्शनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, दिसायला लागतो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो 8 टक्के आहे, बाकी सगळीकडे 9. पण हे पगाराचे 9 टक्के नव्हेत, आयकराचे. महिन्याला 300 युरो आयकर जात असेल तर चर्चचा कर 27 युरो. आपल्या घरांतून दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देवासाठी बाजूला काढणाऱ्या आया-आज्ज्या आठव, म्हणजे या आकड्याची भीती राहणार नाही.

मला माझ्या आधी आलेल्या दोघींनी सांगितलं होतं, "काही नाही असं लिही, चर्चच्या दारात कुणी कार्ड मागत नाही." ते खरंच आहे, दार सगळ्यांना उघडं असतं. तरी माझ्या हातून ते लिहिलं गेलं नाही. नव्या देशातल्या पहिल्याच कागदावर 27 युरोंसाठी 'मी कुणाचीच नाही' अशी सही करायची, आणि मग रविवारी जाऊन गीत गायचं, हे मला जमणारं नव्हतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. तुला बॅप्टिस्टांसारख्या एखाद्या फ्रायकिर्शेत, म्हणजे स्वतंत्र मंडळीत जायचं असेल, तर तिचा खर्च सहसा सभासदांच्या दानावर चालतो, सरकारमार्फत कर घेऊन नाही. म्हणून कुठल्या मंडळीत जाणार हे आधी ठरव, आणि जे खरं आहे तेच लिही. इतर कुणाचा सल्ला ऐकून लिहू नकोस. माझासुद्धा.

आता विश्वास टिकेल का, याबद्दल. लहानपणी आमच्या गल्लीत आमचं एकच घर ख्रिस्ती. गणपतीत आरतीला बोलावणं यायचं, आई हसून नाही म्हणायची, आणि शेजारच्या काकू नैवेद्य दाखवायच्या आधीच आमच्या वाटणीचे मोदक बाजूला काढून पाठवायच्या. मूर्तीपुढं ठेवलेलं आम्ही खात नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि का तेही. कुणी वादही घालायचं. शाळेत एकीनं मला विचारलं होतं, "तुम्ही इंग्रजांमुळं बाटलाय ना?" तेव्हा घरी येऊन आजोबांना विचारलं, आणि त्यांच्याकडून कळलं की कोल्हापूर संस्थानात 1852 साली धर्मप्रसाराला आले ते रेव्हरंड वायल्डर अमेरिकन होते. म्हणजे प्रश्न विचारले गेले म्हणून उत्तरं शोधली गेली. इथं तुला कुणी विचारणारच नाही. तू चर्चला गेलीस काय, न गेलीस काय, कुणाला काही वाटत नाही. पहिल्या वर्षी मी सलग अकरा रविवार गेले नाही आणि एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. मला सगळ्यात जास्त धक्का त्याचाच बसला.

या भागात असं का आहे, ते समजून ये. पूर्व जर्मनीत चाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवट होती. चौदाव्या वर्षी मुलं चर्चमध्ये दृढीकरण घ्यायची, म्हणजे आपला विश्वास सगळ्यांसमोर कबूल करायची, त्याला पर्याय म्हणून सरकारनं 1950 च्या दशकात युगेंडवाये नावाचा समारंभ रुजवला. फुलं, भाषणं, भेटवस्तू, आणि समाजवादी राज्याशी निष्ठेची शपथ. सक्ती कागदावर नव्हती. पण जो जाणार नाही त्याला पुढचं शिक्षण मिळणं अवघड व्हायचं. माझ्या वॉर्डात ऐंशीच्या आसपासच्या एक आजी दोन महिने होत्या. त्यांनी ती शपथ घेतली नव्हती. डॉक्टर व्हायचं होतं, दहावीनंतर वाट बंद झाली, मग चर्चच्या रुग्णालयात परिचारिका झाल्या. मी विचारलं, एक दिवस शपथ म्हणून टाकली असती तर? त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी हेच म्हटलं. एकच दिवस. नंतर त्यांच्यापैकी कुणी परत आलं नाही." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. एका रात्री त्यांना फार त्रास होत होता, त्यांनी माझा हात धरून जर्मनमधून प्रभूची प्रार्थना सुरू केली. मला तेव्हा ती जर्मनमध्ये पाठ नव्हती. मी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणत गेले, दोघींचं आमेन थोडं मागंपुढं झालं. त्या आठवड्यात मी पुन्हा चर्चला जायला लागले.

लायप्झिगला कधी आलीस तर निकोलायकिर्शे हे चर्च बघ. 1982 पासून तिथं दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना व्हायची. 9 ऑक्टोबर 1989 ला तिथून आणि आसपासच्या चर्चमधून लोक बाहेर पडले आणि शहरात सत्तर हजारांचा मोर्चा झाला, हातात मेणबत्त्या. पोलीस तयार उभे होते, गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. 'इथं देवाचं नाव कुणी घेत नाही' असं तुला सांगणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसावी.

दारूचं सांगते, कारण त्यात माझी मोठी चूक झाली. वाढदिवसाला, कुणाच्या निरोपाला झेक्टची, म्हणजे फेसाळ वाइनची, बाटली फुटते. पहिल्यांदा माझ्या हातात ग्लास आला तेव्हा मी घाबरून म्हटलं, पित्ताच्या गोळ्या चालू आहेत. साधं खोटं. पण ते आठ महिने सांभाळावं लागलं. एक सहकारी माझ्यासाठी घरून पित्तावरचा चहा करून आणायची, आणि तो मी तिच्यासमोर प्यायचे. शेवटी एका रात्रपाळीत तिला सगळं सांगितलं: मी पीत नाही, माझ्या घरात, माझ्या मंडळीत पीत नाहीत, आणि मलाही नको आहे. ती म्हणाली, एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंस? तिला माझ्या न पिण्याचं काही वाटलं नव्हतं, तिला खोट्याचं वाईट वाटलं होतं. तेव्हा पहिल्याच दिवशी "इश ट्रिंके नीश्त" म्हण, रस घे, ग्लासाला ग्लास लाव आणि हसत उभी राहा. माझ्या इथले पाळक उपासनेनंतर बिअर घेतात. आपल्याकडं यावर सभा बोलावली असती. मी अजूनही घेत नाही, पण त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा कमी आहे असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसलेलं मी त्यांना पाहिलंय.

यावरून बायबलातला दानीएल आठवतो. बाबेलात त्यानं खास्द्यांची भाषा शिकली, विद्या शिकली, त्याला दिलेलं नवं नावही चालवलं. राजाच्या ताटातलं अन्न मात्र नको म्हणाला, आणि तेही भांडून नाही, अधिकाऱ्याला विनंती करून. तू काय काय सोडायला तयार आहेस आणि काय सोडणार नाहीस, हे निघायच्या आधी ठरव. यादी लहान ठेव. माझी तीन गोष्टींची आहे: खोटं बोलायचं नाही, प्रार्थना सोडायची नाही, लग्नाआधी कुणाबरोबर राहायचं नाही. या तिसऱ्यावर सहकारी प्रश्न विचारतात, एकदा शांतपणे सांगितलं की पुन्हा विचारत नाहीत.

याचीच दुसरी बाजू आहे. गोऱ्यांसारखं वागलं म्हणजे जास्त चांगलं ख्रिस्ती होतं, असं काहींना वाटायला लागतं. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, राहिल्या, तिथंच बाप्तिस्मा घेतला. पण शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरं असतात तर संस्कृत का नको, असं त्या सिस्टर्सना पत्रातून विचारलं. ज्यांच्या घरात राहत होत्या त्यांनाच. इथल्या चर्चमध्ये लोक दूर दूर बसतात, बहुतेक सत्तरीचे, गीतं संथ. पहिल्या नाताळात मला कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चमधली पेटी आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आठवून रडू आलं. पुढच्या वर्षी मी पाळकांना विचारून एक मराठी भजन म्हटलं. आता दरवर्षी म्हणायला सांगतात.

तिसरं दडपण आपल्याच माणसांचं, आणि खरं तर ते मला सगळ्यात जड गेलं. इथल्या मराठी घरांत गणपती बसतो. परदेशात मराठी कानावर पडायची भूक इतकी असते की आरतीला टाळी वाजवायला हात आपोआप उठतो. कुणी प्रेमानं म्हणतं, "इथं तरी वेगळं नको." मी दिवसभर स्वयंपाकघरात असते, पन्नास माणसांची भाजी माझ्याकडे. आरतीच्या वेळी बाहेर मुलांजवळ बसते. दोन वर्षं कुजबुज झाली. तिसऱ्या वर्षी तिथल्या एका वहिनींनी मला न सांगता नैवेद्याआधी डबा भरून ठेवला. मला आमच्या गल्लीतल्या काकू दिसल्या.

थोडं कामाचं. रविवारी पाळ्या लागतात, त्याला इलाज नाही. कायद्यानं वर्षात किमान 15 रविवार मोकळे मिळायला हवेत, रुग्णालयांत कराराप्रमाणे ते 10 पर्यंत खाली येऊ शकतात. वेळापत्रक बनवणाऱ्या मुख्य परिचारिकेला आधीच सांग. मी 31 डिसेंबरची रात्र स्वतःहून मागून घेते आणि 24 ची, म्हणजे नाताळच्या आदली, संध्याकाळ मोकळी मिळवते. वॉर्डात स्वतःहून धर्माचं बोलायचं नाही, पण रुग्णानं मागितलं तर तिथल्या झेलझोर्गेला, म्हणजे रुग्णालयाच्या पाळकांना, बोलावता येतं. आणि कोल्हापूरची उपासना फोनवर बघून भागवू नकोस. तिथं सकाळचे नऊ म्हणजे इथं हिवाळ्यात पहाटेचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच. मी महिनाभर केलं. बिछान्यात पडून बघायची आणि झोपून जायची.

येताना बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र आण, दोन्हींचं जर्मन भाषांतर करून. आईची गीतांची जुनी वही असेल तर तीही. आणि अर्ज भरायला जाशील त्या दिवशी आधी मला फोन कर. माझी दुपारची पाळी असली तर सकाळी मी तुझ्याबरोबर कार्यालयात येईन.