सति, सय आणि भान

प्रश्न असा आहे. एक वाचक ताणतणावावरच्या एका वर्गाचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत आणत आहेत. ‘माइंडफुलनेस’साठी त्यांनी आधी ‘सजगता’ लिहिलं, ते कोरडं वाटलं म्हणून ‘पूर्णभान’ करून पाहिलं. त्यांच्या आजी दर पौर्णिमेला विहारात जातात. त्यांनी कागद ऐकला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली सम्मासति. सम्यक् स्मृती." वाचकांची अडचण इथून सुरू होते. स्मृती म्हणजे आठवण, आणि आठवण असते मागच्याची. माइंडफुलनेस तर आत्ताच्या क्षणाबद्दल आहे. मग आजींचा काही गोंधळ होतोय का? आणि ‘माइंडफुल ईटिंग’ला काय लिहावं?

आजींचा गोंधळ अजिबात नाही. उलट त्यांनी थेट मुळावर बोट ठेवलं आहे. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स या ब्रिटिश अभ्यासकांनी १८८१ साली पाली सुत्तांचा, म्हणजे पाली भाषेतल्या बुद्धाच्या उपदेशांचा, इंग्रजी अनुवाद केला, त्यात बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातल्या ‘सम्मासति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी ताणतणावावरचा वर्ग सुरू केला आणि तो शब्द दवाखान्यांत पोचला. तुमच्या हातातलं माहितीपत्रक बहुधा त्याच घराण्यातलं असावं. म्हणजे आजींचा शब्द हा मूळ शब्द, आणि इंग्रजी शब्द त्याचा अनुवाद. आपण आता अनुवादाचा अनुवाद करत आहोत, म्हणून मधली पायरी सोडून एकदा पालीकडे जाऊन आलेलं बरं.

पाली ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’च. धातू स्मृ, आठवणे. मग आठवणीचा शब्द ‘आत्ता’साठी कसा चालतो? याचं उत्तर मराठी माणसाच्या जिभेवर रोज असतं. आपण मुलाला म्हणतो, "इकडे लक्ष दे." हे झालं आत्ताचं. आणि म्हणतो, "लक्षात ठेव." ही झाली आठवण. शब्द एकच, फरक एका प्रत्ययाचा. ‘ध्यान’ही तसंच: ‘ध्यान देऊन ऐक’ आणि ‘ध्यानात ठेव’. आणखी एक क्रियापद पाहा, जागणे. रात्रभर जागणं म्हणजे न झोपणं, पण दिल्या शब्दाला जागणं, खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे आठवण ठेवून तसं वागणं. जागं असणं आणि आठवण असणं ही मराठीने कधी दोन निराळ्या कपाटांत ठेवलीच नाहीत. ‘मेमरी’ या शब्दाने स्मृतीचा अर्थ आक्रसून टाकला, इतकंच. एरवी ‘रिमाइंड’ म्हणजे आठवण करून देणे, तेव्हा इंग्रजी ‘माइंड’च्याही पोटात आठवण आहेच.

आणि हा ‘सति’ शब्द आपल्या घरातही आहे. ‘आईची सय येते’, ‘माहेराची सय आली’ यातली सय. ज्या वाटेने मातेची माय झाली आणि पादाचा पाय झाला, त्याच वाटेने स्मृतीची सति, प्राकृतात सइ आणि मराठीत सय झाली. स्वरांमधला ‘त’ गळला, एवढंच. आता हा शब्द कवितेत आणि गावाकडच्या बोलण्यात उरला आहे आणि त्यावर माहेरच्या ओढीचा रंग चढला आहे, त्यामुळे माहितीपत्रकात ‘श्वासाची सय ठेवा’ असं लिहा म्हणून मी सुचवणार नाही. पण आजींना हे जरूर सांगा. त्यांची सम्मासति आणि त्यांच्या आईची सय या सख्ख्या बहिणी आहेत.

पाली परंपरेने सतीचं काम समजावताना दिलेले दाखले पाहिले की अर्थ अगदी स्वच्छ होतो. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना सतीचं लक्षण विचारतो. नागसेन भांडारप्रमुखाचा दाखला देतात. तो चक्रवर्ती राजाला सकाळ-संध्याकाळ आठवण करून देतो, महाराज, आपले हत्ती इतके, घोडे इतके, रथ इतके, सोनं इतकं, हे ध्यानी असावं. राजाजवळ सगळं आहे, पण आहे याची आठवण जागी ठेवणारं कुणी हवं. संयुत्तनिकाय या पाली सुत्तसंग्रहातला दुसरा दाखला मला जास्त आवडतो. सीमेवरचं एक नगर आहे, त्याला सहा दरवाजे, आणि दारावर एक हुशार द्वारपाल. तो ओळखीच्यांना आत सोडतो, अनोळख्यांना अडवतो. नगर म्हणजे हे शरीर, सहा दरवाजे म्हणजे पाच इंद्रियं आणि मन, आणि द्वारपाल म्हणजे सति. आपल्याकडे गावाच्या राखणीला जागल्या असायचा, तो डोळ्यांसमोर आणा. नुसते डोळे उघडे ठेवून त्याचं भागत नाही. गावातला कोण, परका कोण, हे त्याच्या आठवणीत पक्कं असावं लागतं. पाहणं आत्ताचं, ओळखणं आठवणीतून. दोन्ही मिळून राखण होते.

म्हणून ‘आत्ताच्या क्षणात असणं’ ही सतीची अर्धीच व्याख्या आहे असं माझं मत आहे. काय करायला बसलो होतो, हे न विसरणं हा तिचा दुसरा अर्धा भाग. श्वास पाहायला बसलो आणि दहाव्या श्वासाला मन विजेच्या बिलाकडे गेलं. ‘अरे, आपण श्वास पाहत होतो’ हे ज्या क्षणी आठवतं, तो क्षण सतीचा.

धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाच्या शिकवणीच्या शोधात त्यांनी १८९९ मध्ये घर सोडलं आणि पुढे पाली परंपरा मराठी वाचकाच्या दारात आणून ठेवली. त्यांनी ‘सम्यक् स्मृति’ हाच शब्द चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सम्मासतीचा अर्थ मनाची सततची जागृती, दुष्ट वासनांवर मनाने ठेवलेला पहारा असा केला आहे. पहारा म्हणजे पुन्हा तो द्वारपालच. विहारांत आज जो अर्थ सांगितला जातो तो या वाटेने आलेला आहे. तेव्हा मराठीत या कल्पनेला शब्द नाही, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. लाखो घरांत तो रोजच्या वंदनेच्या भाषेचा भाग आहे. माहितीपत्रक लिहिणाऱ्यांना तो ठाऊक नसतो, ही खरी उणीव.

आता रोजच्या जगण्याकडे येऊ, कारण तुमचं पत्रक त्यासाठीच आहे. सतिपट्ठान सुत्त हे या विषयाचं मूळ ठिकाण. तिथे सति एकटी येत नाही, तिची जोडीदारीण आहे ‘सम्पजञ्ञ’, म्हणजे काय चाललंय याची नीट जाण. त्यातल्या एका परिच्छेदात साधकाने ही जाण कुठे कुठे ठेवायची याची यादी आहे: पुढे जाताना आणि मागे येताना, समोर पाहताना आणि आजूबाजूला पाहताना, हातपाय आखडताना आणि पसरताना, चीवर (भिक्खूचं वस्त्र) आणि भिक्षापात्र हाताळताना, खाताना-पिताना-चावताना-चाखताना, अगदी शौचाला गेल्यावरही. आणि शेवटी ‘गते ठिते निसिन्ने सुत्ते जागरिते भासिते तुण्हीभावे’. चालताना, उभं असताना, बसलेलं असताना, झोपताना, जागेपणी, बोलताना, गप्प असताना. ‘माइंडफुल वॉकिंग’, ‘माइंडफुल ईटिंग’ म्हणून जे नवं वाटतं ते सगळं या एका परिच्छेदात बसलेलं आहे, आणि कुठेही डोळे मिटून बसण्याची अट नाही. श्वासाचा भाग याच सुत्तात आधी येतो, आणि तिथली उपमा कारखान्यातली आहे. कुशल कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, लांब फेरा घेताना ‘लांब घेतोय’ हे जाणतो आणि आखूड घेताना ‘आखूड घेतोय’ हे जाणतो, तसा साधक आपला श्वास जाणतो. वाड्यातले कातीव खांब ज्याने पाहिलेत त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. कातारी फेऱ्याला बरंवाईट म्हणत नाही, पण हात कुठे आहे हे त्याला क्षणभरही विसरता येत नाही.

तर मग शब्द कोणता? तुमच्याकडचे उमेदवार एकेक पाहू.

‘सजगता’ चूक नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात; सत्यनारायण गोएंका यांची हिंदी प्रवचनं ऐकून आलेली माणसं ‘सजग’ हा शब्द घेऊन येतात आणि त्यांच्या तोंडी तो जिवंत असतो. पण शिबिराबाहेर आपण तो ‘सजग नागरिक’, ‘सजग ग्राहक’ असा वाचतो. त्यात कुणीतरी आपल्याला फसवेल अशी धास्ती आहे. ‘जागरूकता’ तर सरकारी मोहिमांनी पुरती ताब्यात घेतली आहे.

‘अवधान’ हा माझा लाडका शब्द. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय त्यानेच उघडतो, ‘तरि अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे ।’ श्रोत्यांकडे एवढंच एक मागणं. पण आजच्या बोलण्यात तो ‘प्रसंगावधान’मध्ये आणि उलट्या रूपात, ‘अनवधानाने चूक झाली’ यात उरला आहे. ‘सावधान’चंही तेच. मुळात स + अवधान, लक्षपूर्वक. मंगलाष्टकांत तो त्या अर्थाने आला, पण कवायतीच्या मैदानावर तो हुकूम झाला आणि विजेच्या खांबावर धोक्याची पाटी. आजारी, थकलेल्या माणसाच्या हातात द्यायच्या कागदावर तो नको.

राहिलं ‘भान’. माझं मत याच शब्दाला आहे, आणि ते त्याच्या क्रियापदांमुळे. भान ठेवता येतं, भान असतं, राहतं, सुटतं, हरपतं, आणि गेलेलं परत येतं: माणूस भानावर येतो. साधना करताना नेमकं हेच घडतं. मन सुटतं, आपण भानावर येतो, पुन्हा सुटतं. ‘सजगता’ला असं येणं-जाणं नाही, ती वाढवावी किंवा जोपासावी लागते, आणि वाक्य भाषणासारखं होतं. शिवाय आजींच्या पंचशीलातलं पाचवं शील आठवा, ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी’. मद्य वर्ज्य का, तर ते ‘पमादा’चं, म्हणजे गाफीलपणाचं, ठिकाण आहे म्हणून. पमाद ही सतीची उलट बाजू. दारूने काय होतं हे मराठीत कुणालाही विचारा, तो म्हणेल, भान सुटतं. उलट बाजूचा शब्द इतका चपखल बसतो, तेव्हा सुलट बाजूला तोच घ्यायला मला शंका वाटत नाही. ‘पूर्ण’ मात्र काढून टाका. भान असतं किंवा नसतं.

एक सावधगिरी हवी. आपल्या भक्तिपरंपरेत भान हरपण्याला फार मोठा मान आहे. कीर्तनात देहभान विसरलो, गाण्यात तल्लीन झालो, ही आपली स्तुतीची भाषा. वाचक ‘ध्यान’ म्हटलं की तीच तंद्री शोधेल आणि वर्गातून निराश होऊन परतेल. तेव्हा पत्रकात एक वाक्य स्पष्ट लिहा: ‘इथे भान हरपायचं नाही, भान राखायचं आहे.’ याचाही नमुना संतांकडेच सापडतो. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एकात मुलगा पतंग उडवतोय, चारचौघांशी बोलतोय, पण चित्त दोरीवर. बायका पाण्याच्या घागरी घेऊन हसत-बोलत चालल्यात आणि ‘चीतु सु गागरि राखीअले’, चित्त घागरीशी. नामदेवांचं चित्त रामनामाशी आहे, बुद्धाच्या साधकाचं श्वासाशी. मुक्काम वेगळे आहेत आणि ते एक करू नयेत. पण हसण्या-बोलण्यात, चालण्यात न सुटणारं ते लक्ष कसं दिसतं, हे त्या घागरीइतकं मला दुसऱ्या कशात दिसलेलं नाही. संयुत्तनिकायातही माणूस काठोकाठ भरलेलं तेलाचं भांडं घेऊन गर्दीतून चालतो. आणि नामस्मरणातलं ‘स्मरण’ही त्याच स्मृ धातूचं.

तुमच्या पत्रकातली वाक्यं मी अशी लिहिली असती. शीर्षक: ‘भान: रोजच्या जगण्यात’, आणि खाली लहान अक्षरांत ‘पाली सति, सम्मासति’. ‘माइंडफुल ब्रीदिंग’साठी ‘श्वासाचं भान’. ‘नॉन-जजमेंटल’साठी नाम शोधू नका, ‘बरं-वाईट न ठरवता’ म्हणा. ‘मन भरकटल्यास ते हळुवारपणे वर्तमान क्षणात परत आणा’ याऐवजी ‘मन गेलं असं कळलं की पुन्हा श्वासाकडे या’. ‘माइंडफुल ईटिंग’साठी विशेषण जोडून ‘सजग आहार’ केलंत तर लोकांना ते पथ्याचं जेवण वाटेल. तिथे क्रियापदच हवं: ‘जेवताना जेवणाचं भान ठेवा. फोन बाजूला ठेवा. घास तोंडात असताना पुढच्या घासाला हात घालू नका. आंबट, तिखट, गरम, जे लागतंय ते लागू द्या.’ जुन्या घरांत ‘जेवताना ताटाकडे बघ’ असं म्हणत. तेही घ्यायला हरकत नाही.

मसुदा झाला की छापण्याआधी आजींना मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्या जिथे थांबून "म्हणजे काय गं?" विचारतील ती वाक्यं मला कळवा.