सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी आई म्हणते रात्री पाय जळतात. काही झालेलं नाही हे तिला कसं समजवावं?

समजवू नका. तिला काहीतरी झालेलं आहे, ते अजून कोणाला सापडलेलं नाही इतकंच.

तुम्ही लिहिलंय, आई पंचावन्नच्या पुढची, दिवसा कशीबशी निभावते, रात्री तळपायांची आग होते, पांघरुणाचा स्पर्शही नको होतो. शुगर, थायरॉइड, कमरेचा एमआरआय, एनसीव्ही, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शनमुळे होतंय. आता इंदूरमध्येच दाखवत राहावं की पुण्याला मावशीकडे न्यावं, आणि तोवर ‘काही झालेलं नाही’ हे तिच्या गळी कसं उतरवावं, हा तुमचा प्रश्न. मी इंदूरचीच. सुदामानगरात राहते, शाळेत शिकवते. तुमचं हे वाक्य माझ्या घरात माझ्याबद्दल बोललं गेलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी एनसीव्हीचं सांगते. पायाला बारीक करंट देऊन नस किती वेगाने संदेश नेते ते त्यात मोजतात. पण मोजलं जातं फक्त जाड नसांचं. त्यांच्यावर मायलिनचं आवरण असतं आणि त्या सेकंदाला ४०-५० मीटर वेगाने संदेश नेतात. आग, टोचणी, गरम-गार हे कळवणारे तंतू अगदी बारीक असतात. त्यांतल्या बहुतेकांना आवरणच नसतं, वेग सेकंदाला एक-दोन मीटर. त्या यंत्राला ते दिसतच नाहीत. एबी रोडवर गाड्या सुरळीत चालल्यात हे बघून सराफ्यामागच्या बोळांत कुठे काही अडलेलं नाही असं सांगावं, तसं आहे हे. एमआरआय मणका दाखवतो, तळपायाच्या कातडीतले तंतू नाही. आईचे रिपोर्ट खोटे नाहीत, पण जिथे दुखतंय तिथली तपासणीच अजून झालेली नाही. बारीक तंतू खराब होण्याच्या या आजाराला स्मॉल फायबर न्यूरोपॅथी म्हणतात. मला तोच आहे.

माझं सुरू झालं पायाच्या बोटांपासून. आधी मुंग्या, मग आग. पायमोजे घालवत नसत, चपलेचा पट्टा सहन होत नसे. शाळेत फळ्यासमोर उभं राहून शेवटचा तास संपायची वाट बघायची. रात्री सगळे झोपले की गच्चीवर जाऊन उघड्या फरशीवर तळवे टेकून बसायची. माळव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही गार होतात, तेवढाच आधार.

घरातल्यांचा विषय निघतोच, तर तोही सांगते. आमच्या महालक्ष्म्या रामबागेत, सासरच्या थोरल्या घरी बसतात. त्या वर्षी पुरणाच्या दिवशी मी ओट्याजवळ स्टूल घेऊन बसले, पायाखाली ओला टॉवेल, आणि बसूनच पोळ्या लाटत होते. सवाष्णी पानांवर बसायच्या होत्या. तेवढ्यात जाऊबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हिचे पाय बरोबर सणालाच जळतात.” कोणी काही बोललं नाही. माझे दीर तिथेच होते. त्यांचं औषधाचं दुकान आहे, सगळं सासर तब्येतीचं त्यांनाच विचारतं. ते म्हणाले, “वहिनी, रोज असे किती पेशंट बघतो मी. तुमचे रिपोर्ट क्लीन आहेत. जरा मन रमवा, भजनी मंडळात जा.” मी भजनी मंडळात आधीपासूनच होते. तिथे मांडी घालून बसवत नव्हतं म्हणून सोडलं होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नाही.

वर भाऊजींनी ‘नसांना ताकद देणाऱ्या’ गोळ्या दिल्या आणि त्याच नावाच्या इंजेक्शनांचा कोर्स लावला. याबद्दल मला ठासून सांगायचंय. पाय जळण्याचा आणि जीवनसत्त्वांचा संबंध खरा आहे. १९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी आपल्याच देशातल्या, पाय जळणाऱ्या गरीब रुग्णांवर लिहिलं होतं, आणि ब गटातल्या पँटोथेनिक आम्लाने त्यांना उतार पडल्याचं नोंदवलं होतं. बी-१२ कमी असेल तर नसा खराब होतात, आणि आपल्या शाकाहारी घरांत ते कमी असणं नेहमीचंच. पण म्हणून न मोजता गोळ्या घ्यायच्या नाहीत. या मिश्रणांत बी-६ असतं. त्याची रोजची गरज दोन मिलीग्रॅमच्या आत, काही इंजेक्शनांत ते एका वेळेला १०० मिलीग्रॅम असतं. बी-६ फार दिवस फार प्रमाणात गेलं तर त्यानेच नसा बिघडतात, त्याच मुंग्या, तीच आग. हे दुकानाच्या काउंटरवर कोणी सांगत नाही. दुकानात औषधं विकणारा माणूस कितीही जवळचा असला तरी डॉक्टर नसतो.

डॉक्टरही बरेच झाले. एकांनी फाइल वरवर चाळून सांगितलं, “सब नॉर्मल है मॅडम, टेंशन मत लो.” एकांनी पाळी जाण्याच्या वयावर टाकलं. या वयात बाईच्या कुठल्याही तक्रारीला हेच उत्तर मिळतं. आणखी एकांनी रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलीन दिली. ही गोळी मुळात उदासीची, पण कमी मात्रेत नसांच्या दुखण्यालाही देतात, आणि ते योग्यच आहे. आईला अशी गोळी दिली असेल तर ‘आपल्याला वेडं ठरवलं’ असं तिला वाटू देऊ नका. मला त्या गोळीने झोप लागू लागली, आग थोडी उतरली, पण तोंड इतकं कोरडं पडलं की वर्गात शब्द फुटेना. त्याचं कारण नंतर कळलं.

ज्यांनी निदान केलं ते एका साध्या दवाखान्यात बसणारे वयस्कर एमडी. त्या दिवशी आमचे हेही बरोबर होते. डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली, मला टेबलावर झोपवून डोळे मिटायला सांगितले, आणि दात कोरायची काडी मोडून तिच्या टोकाने अंगठ्यापासून वर वर टोचत गेले. “चुभ रहा है या सिर्फ छू रहा है?” बोटांवर नुसता स्पर्श कळत होता. पावलावर तेच. घोट्याच्या वर चार बोटं आल्यावर एकदम टोचलं. तिथे त्यांनी पेनाने रेघ ओढली. दुसऱ्या पायावरही रेघ जवळजवळ त्याच उंचीवर आली. मग ट्यूनिंग फोर्कचं लोखंड पावलाला लावलं. गार लागलं नाही. तोच फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर ठेवला, कंप पूर्ण कळला. टाचेच्या वर हातोडी मारली, पाय उडाला. ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, “मोटी नसें ठीक हैं, पतली वाली खराब हैं. इनका दर्द असली है.” ह्यांनी काडी टोचताना सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येताना गाडीत ते काही बोलले नाहीत, पण रामबागेत फोन करून भाऊजींना त्यांनी स्वतः सांगितलं.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, पाय सोडून आणखी काय त्रास होतो? हे तोवर कोणीही विचारलं नव्हतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाइल कमी करा म्हणून थेंब दिले होते. दात एकामागून एक किडत होते, दातांचे डॉक्टर भरत होते. मग त्यांनी विचारलं, “सूखी सेव बिना पानी के खा लेती हो?” नाही खाता येत. इंदूरच्या माणसाला शेव गिळायला पाणी लागतं हे मलाही विचित्र वाटत होतं, पण दुखणं म्हणून ते डॉक्टरांना सांगायचं असतं हे कोणाच्या लक्षात येणार?

पुढे डोळ्यांची शिर्मर चाचणी झाली. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, आणि अश्रूंनी ती किती भिजते ते बघायचं. पाच मिलीमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळे खरोखर कोरडे. माझी टोकालाच जेमतेम ओली झाली. रक्तात एसएसए नावाच्या अँटिबॉडी निघाल्या. घोट्याच्या वर दहा सेंटीमीटरवरून कातडीचा तीन मिलीमीटरचा तुकडा काढून बाहेरगावच्या लॅबला पाठवला, त्यात तंतू मोजतात. कमी आले. आजाराचं नाव शोग्रेन. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते, आणि काहींच्या नसांवरही. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९३३ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला होता. रुग्ण बहुतेक बायका, चाळिशी-पन्नाशीतल्या. ॲमिट्रिप्टिलीन मुळात तोंड कोरडं करते, माझं आधीच कोरडं, म्हणून तेवढे हाल झाले. मूळ आजार माहीत असता तर ती गोळी मला कोणी दिली नसती. निदान म्हणूनच हवं असतं. ‘नाव कळून काय होणार, दुखणं तर तेच’ असं मला भाऊजी आजही ऐकवतात, त्यांना हे उत्तर.

आता संधिवाताच्या तज्ज्ञांकडे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे, त्यासाठी ठरावीक काळाने डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो. आगीसाठी प्रीगॅबॅलिन. तिने गुंगी येते, पाय सुजतात, आणि ती मनाने एकदम बंद करायची नसते. दुखणं गेलेलं नाही, कमी झालंय. गेल्या महालक्ष्म्यांना मी पुन्हा स्टुलावर बसूनच पोळ्या लाटल्या आणि कोणाला स्पष्टीकरण दिलं नाही.

आईलाही शोग्रेनच असेल असं मी म्हणत नाहीये. उपाशीपोटीची शुगर नॉर्मल असूनही ग्लुकोज पिऊन दोन तासांनी काढलेली १४० च्या वर असू शकते, आणि त्या टप्प्यावरही पाय जळू शकतात, म्हणून जीटीटी करून घ्या. बी-१२ बघा, आणि गोळ्या सुरू करायच्या आधी बघा. सिलिॲकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, तपासणी करा. अंगावर कुठे बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचाही विचार व्हायला हवा, लाजू नका, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार बरा होतो. कॅन्सरची औषधं पूर्वी झाली असतील तर ते आवर्जून सांगा. इतकं करूनही बऱ्याच जणांत कारण सापडत नाही, तरी दुखण्यावर उपचार होतात. आणि पायांतली ताकद कमी होतेय, त्रास एकाच बाजूला आहे, लघवीवर ताबा राहत नाही किंवा काही दिवसांतच सगळं वर चढत चाललंय, असं असेल तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच इमर्जन्सीत न्या.

ताणाने दुखणं वाढतं हे खरं आहे. रात्र रात्र झोप नसेल तर माणूस उदास होतोच, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही, मीही गेले. मला राग त्या लोकांचा आहे जे पायाला हात न लावता मनाचं आहे म्हणून मोकळे होतात.

पुण्याचं म्हणाल तर रात्रभर बसमध्ये पाय लटकवून तिला न्यायची घाई करू नका. कातडीचा नमुना इथून पाठवता येतो, रक्त इथे तपासता येतं. मोजे काढून पाय तपासणारा डॉक्टर इथे मिळाला नाही, तर मग न्या. जायच्या आधी एक कागद करा. तोंड कोरडं पडतं का, रात्री पाणी प्यायला उठावं लागतं का, डोळे खुपतात का, उभं राहिल्यावर गरगरतं का, पायांना घाम येणं कमी झालंय का, दात किती आणि कधी खराब झाले, कुठली औषधं आणि इंजेक्शनं कधीपासून. पाय सोडून बाकीचं सगळंही लिहा. तिच्याबरोबर खोलीत आत जा, बाहेर बाकावर बसू नका.

मी कोणाकडे गेले ते नाव इथे उघड लिहिणार नाही. कागद तयार झाला की खाली कळवा, खासगीत सांगते.